वापरलेल्या पाण्याचा हिशेब

सरकारदरबारी अंजूर हे गाव आहे. ठाणे जिल्हा, भिवंडी तालुका, कारभार ग्रामपंचायतीचा. एका अंगाला उल्हासची खाडी आणि खाजणजमीन, दुसऱ्या अंगाला मानकोली-अंजूरफाट्याचा कंटेनरांनी तुंबलेला मुलूख. वसईच्या मोहिमेत पेशव्यांच्या बाजूने उभे राहिलेल्या गंगाजी नाईक अंजूरकरांमुळे हे नाव इतिहासात आले. आज ते मालवाहतुकीच्या नकाशावर आहे. भाताची खाचरे बुजवून त्यांवर गोदामे उभी राहिली, गोदामांमागून हमाल, चालक, पॅकिंग करणारी मुले-मुली आली आणि त्यांच्यासाठी चाळी आल्या. भिवंडीभोवतीच्या ६० गावांच्या नियोजनाचे अधिकार मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे (एमएमआरडीए) गेले. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचे ठाण्याचे आगार अंजूर-भरोडीच्या जमिनीवर ठरले. एवढे सगळे होऊनही प्यायचे पाणी, गटार आणि कचरा यांची जबाबदारी मात्र मूठभर कर्मचाऱ्यांच्या ग्रामपंचायतीवरच आहे.

ग्रामीण पाणी आणि स्वच्छतेची चर्चा आपण बहुधा मराठवाड्यातला टँकर किंवा मेळघाटातला झरा डोळ्यांसमोर ठेवून करतो. ते दुःख खरेच आहे. पण महाराष्ट्रातली शेकडो गावे आता अंजूरसारखी होत आहेत. वस्ती शहराची, व्यवस्था खेड्याची. अशा गावात उभे राहून या प्रश्नाकडे पाहिले, तर पंचवीस वर्षांत काय साधले आणि काय सुटले ते अधिक स्पष्ट दिसते. मला दिसते ते असे: पाणी घरात आणणे आणि शौचालय बांधणे ही कामे आपण मोहिमा काढून केली. वापरून झालेले पाणी कुठे जाते, भरलेल्या टाकीचे काय होते आणि हे सगळे रोज कोण पाहते, हा भाग मात्र कुणाच्याच नावावर चढला नाही.

मराठी मुलखात पाण्याचा प्रश्न आधी अधिकाराचा प्रश्न होता. जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. १९२३ मध्ये सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले केले. तरीही तो ठराव अमलात यावा म्हणून २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना हजारो माणसांसह महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले. संयुक्त राष्ट्रांनी पाणी आणि स्वच्छता हा मानवी हक्क मानला तो २०१० मध्ये. महाड त्याच्या ८३ वर्षे आधीचे. म्हणून कोणत्याही गावची नळयोजना तपासताना टाकी किती लाख लिटरची, हे विचारण्याआधी शेवटचा नळ कोणत्या वस्तीत आहे आणि तिथे पाणी किती वेळ येते, हे विचारावे. भिवंडी तालुक्यात तो शेवटचा नळ बहुधा कातकऱ्यांच्या पाड्यावर असतो, नाहीतर परप्रांतीय भाडेकरूंच्या चाळीत.

या तालुक्याला पाणी पाहायला कमी मिळत नाही. १८९२ पासून तानसाचे पाणी इथूनच मुंबईला जाते. पुढे वैतरणा आली, भातसा आली. भातसाचे पाणी पिसे येथे उपसून पांजरापूरला शुद्ध करतात. ही दोन्ही ठिकाणे भिवंडी तालुक्यातली. माणसाच्या उंचीच्या जलवाहिन्या शेताच्या बांधावरून जातात. शेजारच्या शहापूर तालुक्यात ही धरणे आहेत आणि तिथल्याच पाड्यांना एप्रिल-मेमध्ये टँकर लागतो. ठाणे, मीरा-भाईंदर, भिवंडी शहर आणि तालुक्यातली काही गावे यांना शहाड-टेमघरची ‘स्टेम’ कंपनी पाणी देते. जिल्हा परिषद तिची भागीदार आहे. हे पाणी उल्हासचे. उन्हाळ्यात उल्हास वाहती राहते त्यात मोठा वाटा भिवपुरीच्या वीजघरातून सुटणाऱ्या पाण्याचा आहे, म्हणजे घाटापलीकडे मावळात पडलेल्या पावसाचा. अंजूरच्या परिसरातल्या कुणा घरात मे महिन्यात नळ सोडला जातो, तेव्हा त्यामागे सह्याद्रीच्या दोन्ही अंगांची सोय-गैरसोय उभी असते. ‘आज स्टेमचा शटडाऊन’ एवढे तीन शब्द इथल्या बायकांचा आख्खा दिवस बदलतात.

नळाला पर्याय म्हणून विहीर आणि बोअर आहेत, पण खाडीकाठी त्यांचा भरवसा कमी. भरतीचे पाणी कितीतरी आत चढते. वाळूच्या बेसुमार उपशाने पात्र खोल झाले, काठ खचले आणि खारे पाणी शेतात नि विहिरीत शिरायला वाट मिळाली. पाण्यातल्या विरघळलेल्या क्षारांसाठी भारतीय मानकाची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर २,०००. उकळून जंतू मरतात, क्षार जात नाहीत. उलट पाणी आटल्याने थोडे वाढतातच. त्यात उल्हासची स्वतःची अवस्था. अंबरनाथ-उल्हासनगरचे रासायनिक पाणी घेऊन वालधुनी नदी तिला मिळते, भिवंडीतल्या कापडाच्या रंगकामाचे आणि सायझिंगचे, म्हणजे सुताला खळ देण्याचे, पाणी घेऊन कामवारी नदी खाडीत उतरते. वनशक्ती संस्थेने हरित लवादात दाद मागितली आणि २०१५ मध्ये लवादाने जबाबदार यंत्रणांना दंडही ठोठावला. तरी उन्हाळ्यात नदीवर जलपर्णीचा गालिचा पसरतोच. मासेमारीवर जगणाऱ्या घरांचे यात काय झाले, यावर स्वतंत्र लेख लिहावा लागेल.

पाण्याच्या शुद्धतेची गोष्ट मात्र इथेच सविस्तर सांगायला हवी, कारण तिच्याबद्दल गैरसमज फार आहेत. शुद्धीकरण केंद्रातून निघालेले पाणी चांगले असते. ते बिघडते वाटेत. आपल्याकडे पाणी दिवसातून तास-दोन तास सोडतात, कधी दिवसाआड. ते बंद झाले की वाहिनी रिकामी होते, आत दाब राहत नाही आणि सांध्यातून, तड्यातून बाहेरचे पाणी आत ओढले जाते. वाहिनी गटारातून किंवा गटाराला लागून गेली असेल, आणि चाळींच्या गल्ल्यांत ती तशीच जाते, तर गटार आत येते. पुन्हा पाणी सुटल्यावर पहिला गढूळ लोट येतो तो हाच. त्यात घराघरांतून थेट नळाला जोडलेल्या मोटारी तो ओढा आणखी वाढवतात. पावसाळ्याच्या तोंडावर काविळीची आणि गॅस्ट्रोची साथ येते, तेव्हा दोष अनेकदा नदीवर जातो. खरा दोषी असतो घरापासून वीस पावलांवरचा सांधा. चोवीस तास पाणी ही चैन नाही ती याचसाठी. वाहिनीत सतत दाब राहिला तर बाहेरचे आत येत नाही. कऱ्हाडजवळच्या मलकापूरने मीटर बसवून, वापर वाढेल तसा दर वाढवून हे करून दाखवले. मीटर आल्यावर उधळपट्टी थांबली आणि चोवीस तास देऊनही पाणी पुरले. आमच्या गावात हे चालणार नाही, असे म्हणणाऱ्या प्रत्येक सरपंचाने मलकापूरला एकदा जाऊन यावे.

चोवीस तास पाणी येईपर्यंत भिस्त टीसीएलवर, म्हणजे ब्लीचिंग पावडरवर. ती पाण्यात टाकण्याचे काम ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाचे. त्याचा हिशेब साधा आहे. २५ टक्के क्लोरीन असलेली पाच ग्रॅम पावडर हजार लिटरमध्ये घातली, की लिटरमागे सव्वा मिलिग्रॅम क्लोरीन पडते. शेवटच्या नळाला त्यातले किमान ०.२ मिलिग्रॅम उरलेले असावे, म्हणजे वाटेतली घाण मारायला काही शिल्लक होते असे समजायचे. पण तोंड उघडे राहिलेली पावडरीची गोण कोकणच्या दमट हवेत हळूहळू निर्जीव होत जाते. पाणी तेच, माप तेच, डोस अर्धा. म्हणून टाकीवर किती पावडर टाकली याच्या नोंदीपेक्षा शेवटच्या नळाची तपासणी मोलाची. आपल्याकडे स्रोतांच्या जोखमीनुसार ग्रामपंचायतींना हिरवे, पिवळे, लाल कार्ड देण्याची चांगली पद्धत आहे; सलग पाच वर्षे साथ आली नाही तर चंदेरी कार्ड मिळते. केंद्राच्या जलजीवन मिशनने गावोगाव पाच-पाच महिलांना पाणी तपासणीचे संच दिले, प्रशिक्षण दिले. माझी मागणी एवढीच, की त्यांचे निकाल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, तारखेसह आणि वस्तीच्या नावासह दर आठवड्याला लागावेत. निकाल कपाटात राहिला तर तपासणारीचे कष्ट फुकट जातात. लोक मग वीस लिटरचा जार घेतात. थंड असते म्हणून ते शुद्ध वाटते; ते कुठे भरले आणि कुणी तपासले, हे मात्र कुणी विचारत नाही.

शौचालयांचा इतिहास लोकांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीजवळच्या गोपुरी आश्रमात मैल्याचे खत करणारा साधा संडास घडवला. भंगीकाम करू द्यावे म्हणून १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी उपोषण केले होते. त्यांना कळलेली गोष्ट ही, की संडासाची रचना बदलल्याशिवाय मैला वाहणाऱ्याची सुटका नाही. नव्वदच्या दशकात राज्याने अनुदानावर शौचालये बांधली, त्यांतल्या पुष्कळांत सरपण आणि कोंबड्या राहिल्या. मग २०००-०१ मध्ये ग्रामविकासमंत्री आर. आर. पाटील यांनी संत गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. त्यात अनुदानाऐवजी गावागावांत चुरस लावली आणि ती कल्पना रुजली. माझ्या मते स्वच्छतेच्या बाबतीत महाराष्ट्राने देशाला दिलेली ही सर्वांत मोठी देणगी आहे. पुढे निर्मल ग्राम पुरस्कार आले, २०१४ ला स्वच्छ भारत आले, आणि एप्रिल २०१८ मध्ये ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त जाहीर झाला. या वाटेवर पहाटे लोकांना गाठून त्यांचे फोटो काढणारी गुड मॉर्निंग पथकेही फिरली. ज्याच्या घरात शौचालयाला जागाच नाही, त्या माणसाला उघड्यावर लाजवून काय साधले? गाडगेबाबांनी खराटा हातात घेतला होता, कॅमेरा नव्हे.

आता खड्ड्याकडे. सरकारी नमुना दोन शोषखड्ड्यांचा. एक भरला की दुसरा वापरायचा, पहिल्यातला मैला दीड वर्षात मातीसारखा होतो, तो खत म्हणून काढता येतो. देशावरच्या गावांना ही रचना उत्तम. अंजूरसारख्या ठिकाणी मात्र जून ते सप्टेंबर भूजल जमिनीच्या पृष्ठभागालगत येते. खड्ड्यातले पाणी जिरत नाही, उलट बाहेरचे आत येते आणि घाण घेऊन शेजारच्या विहिरीकडे सरकते. म्हणून लोकांनी सेप्टिक टँक बांधले. टँकमधून निघणारे पाणी कुठेतरी जिरवावे लागते. चाळीत त्याला जागा नाही, मग नळी सरळ गटारात. टँकमधला गाळ दोन-तीन वर्षांनी काढायला हवा. तो निघतो तुंबल्यावरच. मग फोन करून व्हॅक्यूम टँकर येतो, गाळ ओढतो आणि निघून जातो. तो कुठे ओततो, हा प्रश्न विचारायला गावात कुणाला सवड नसते. नाला आणि खाडी जवळच असतात.

याला उत्तर महाराष्ट्रातच आहे. साताऱ्यातल्या वाई आणि नाशिकमधल्या सिन्नर नगरपरिषदांनी तक्रारीची वाट न पाहता, प्रत्येक घराचा टँक ठरलेल्या वेळापत्रकाने दर तीन वर्षांनी उपसायला सुरुवात केली. खर्च स्वच्छता करातून आणि गाळ प्रक्रिया केंद्रावर. एकट्या ग्रामपंचायतीला हे झेपणारे नाही, पण खाडीकाठच्या दहा-पंधरा गावांनी मिळून एक गाडी आणि एक केंद्र चालवणे सहज शक्य आहे. स्वच्छ भारतच्या दुसऱ्या टप्प्यात मैलागाळ व्यवस्थापनासाठी तरतूदही होती. शिवाय यात माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय टाकीत माणूस उतरवायला बंदी घातली, तरी विषारी वायूने गुदमरून मेलेल्यांच्या बातम्या ठाणे-मुंबई पट्ट्यातून दरवर्षी येतात. त्या मृत्यूंना अपघात म्हणणे मला जमत नाही. टँक वेळेवर यंत्राने उपसला असता, तर तो माणूस घरी गेला असता.

सांडपाण्याचे गणित तर कागदावर मांडले तरी पटते. जलजीवन मिशनचे माप माणशी ५५ लिटर. त्यातले सुमारे ८० टक्के वापरून बाहेर पडते, म्हणजे ४४ लिटर. हजार वस्तीचे गाव रोज ४४ हजार लिटर सांडपाणी सोडते; दहा हजार लिटरचे चार टँकर रोज गल्लीत ओतावेत तसे. हंड्याने पाणी आणण्याच्या काळात ते माणशी पंधरा-वीस लिटरच होते, परसातल्या केळीला आणि अळूला पुरत होते. नळ आला, न्हाणी आली, वॉशिंग मशीन आले आणि पाणी दुप्पट-तिप्पट झाले. त्याच वेळी परसावर चाळ उभी राहिली. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीने घरोघरी शोषखड्डे करून गटारे आणि डास घालवले, त्या प्रयोगाचे देशभर कौतुक झाले आणि ते रास्तच आहे. पण तोच नमुना परिपत्रक काढून खाडीकाठी पाठवला, तर पावसाळ्यात खड्ड्यांची डबकी होतील. इथे उघड्या तळ्यात टप्प्याटप्प्याने पाणी निवळवणे, किंवा कर्दळ, पाणकणसासारख्या वनस्पतींच्या वाफ्यांतून ते गाळणे हा मार्ग जुळतो. नागपूरच्या नीरी संस्थेचे फायटोरिड तंत्र याच जातीचे. त्याला वीज फारशी लागत नाही, माणूसही थोडा लागतो. लागते ती जमीन. आणि पाण्याच्या नैसर्गिक वाटा मोकळ्या असाव्या लागतात, ज्या गोदामांच्या भरावाखाली एकेक करून बुजत चालल्या आहेत.

गोदामांतल्या कामगारांना या सगळ्यात कुठे धरायचे? ग्रामपंचायतीचा निधी आणि योजनांचे आराखडे २०११ च्या जनगणनेवर बेतलेले. २०२१ ची जनगणना झालीच नाही. नंतर आलेला भाडेकरू पाणी पितो, शौचालय वापरतो, पण हिशेबात नसतो. दहा खोल्यांच्या चाळीला दोन संडास, सकाळी रांग, रात्रपाळीच्या मुलींना अंधारात जाण्याची भीती. त्या दिवसभर पाणी कमी पितात आणि मूत्रमार्गाचे आजार अंगावर काढतात. ठरावीक संख्येपेक्षा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेने पिण्याचे पाणी आणि शौचालये पुरवलीच पाहिजेत, असे राज्याचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा सांगतो. त्याची तपासणी गोदामाच्या मागच्या दारापर्यंत पोचायला हवी. ट्रकचालकाला तर मालाच्या रांगेत दिवस दिवस काढावा लागतो आणि त्याच्यासाठी कुठे कोपरा नसतो. पॅड्सचा कचरा हाही असाच न बोललेला विषय. राज्याने २०१८ मध्ये अस्मिता योजनेतून शाळकरी मुलींना स्वस्त पॅड्स दिले, वापरलेल्यांचे काय करायचे याची सोय बहुतेक ठिकाणी झाली नाही. मग ते संडासात जातात आणि टँक तुंबतो.

हात धुण्याबद्दल सांगण्यासारखे नवे थोडे आहे आणि करण्यासारखे पुष्कळ. जेवणाआधी आणि शौचानंतर साबण, माठात हात न बुडवता ओगराळ्याने पाणी, हे आशाताई आणि अंगणवाडीताई वर्षानुवर्षे सांगत आल्या आहेत. सवय लागते ती सांगण्याने कमी आणि सोयीने जास्त. शाळेच्या मुतारीबाहेर चालू नळ आणि साबण असेल तर मुले हात धुतात. तो नळ कोरडा असेल तर भिंतीवरचे सुंदर चित्र काही करू शकत नाही.

शेवटी पैसा. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी ग्रामपंचायतींच्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधून दिला, दोन्हींना निम्मा-निम्मा. भांडवली कामे जलजीवनमधून व्हायची होती. २०१९ मध्ये सुरू झालेले मिशन २०२४ ला संपायचे होते, त्याला २०२८ पर्यंत मुदत मिळाली, आणि मधल्या काळात बिले थकल्याने राज्यात अनेक योजना अर्धवट राहिल्या. पूर्ण झालेल्यांचेही वीजबिल, व्हॉल्व्हमनचा पगार आणि दुरुस्ती पाणीपट्टीतूनच भागवायची असते, आणि पाणीपट्टी वाढवायला निवडणुकीच्या भीतीने कुणी धजत नाही. हिवरे बाजारने दरवर्षी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायची प्रथा पाडली, ती इतकी वर्षे टिकली कारण आकडे सगळ्यांसमोर असतात. अंजूरच्या पट्ट्यातल्या ग्रामपंचायतींना तर गोदामांच्या घरपट्टीचे उत्पन्न आहे, जे सांगली-सोलापूरच्या गावांना स्वप्नातही मिळत नाही. सर्व गोदामांची नोंद, योग्य आकारणी आणि पूर्ण वसुली झाली, तर व्हॅक्यूम टँकर, प्रशिक्षित जलसुरक्षक आणि रात्रपाळीच्या मुलींसाठी उजेडातली शौचालये हे सारे स्वतःच्या पैशांत उभे राहू शकते.

पैसा उभा राहील. जमीन मिळेलच असे नाही. इथला गुंठा इतका महाग झाला आहे, की सांडपाण्याच्या तळ्यासाठी कुणी जमीन सोडणार नाही आणि बाजारभावाने ती घेणे ग्रामपंचायतीला परवडणार नाही. ती आताच, भरावाचे डंपर पोचण्यापूर्वी, विकास आराखड्यात राखून ठेवायला हवी: मैलागाळ केंद्रासाठी एक जागा, प्रत्येक दोन-तीन गावांमागे निवळतळ्यासाठी एक, आणि नाल्यांच्या दोन्ही काठांना भरावमुक्त पट्टा. नव्या गोदामाला परवानगी देताना त्याचे सांडपाणी कुठे जाणार, हे नकाशावर दाखवल्याशिवाय शिक्का पडू नये, बुलेट ट्रेनच्या आगाराच्या बांधकामालाही हाच नियम असावा. त्यासाठी गावांचे ठराव हवेत, गट क्रमांकासह, आणि ते नियोजन प्राधिकरणाच्या हरकती-सूचनांच्या मुदतीत पोचायला हवेत.